अमेरिकन अ‍ॅल्कोचं डब्ल्यूडीएम-२ करताना : एचओ स्केलचं इंजिन पुन्हा रंगवणं

रूळवाट

मंडळी, छोट्या स्केलचं इंजिन पुन्हा कसं रंगवायचं याबद्दल बरेच व्यनि (खाजगी निरोप) आले, म्हणून वेगळा धागा काढतोय. माझ्याकडे अ‍ॅल्को या अमेरिकन कंपनीच्या आरएसडी-१२ इंजिनाचं एचओ, म्हणजे १:८७ स्केलचं, सेकंडहँड मॉडेल आहे. अंगावर एका अमेरिकन रेल्वेचा रंग. त्याचं मला कोकण रेल्वेवर गाडी घेऊन जाणारं डब्ल्यूडीएम-२, म्हणजे भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन, करायचं आहे.

हेच मॉडेल का? आपलं डब्ल्यूडीएम-२ मुळात अ‍ॅल्कोचंच, कंपनीच्या भाषेत डीएल५६०सी. पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेहून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बनू लागली. त्याखाली जी तीन आसांची ट्रायमाउंट बोगी (चाकं बसवलेला सांगाडा) आहे, तिच्यातल्या आसांमधली दोन अंतरं सारखी नसतात, आणि तीच बोगी या आरएसडीखालीही आहे. बोगी नव्याने बनवणं सगळ्यात अवघड, ती आयती मिळते. बाकी हुड (यंत्रावरचं लांब आवरण), केबिन, खिडक्या यांत फरक आहेतच, ते प्लास्टिक शीट कापून आणि पुट्टी लावून जमवता येतात. खरं इंजिन बफर ते बफर, म्हणजे टोकांच्या धक्के झेलणाऱ्या तबकड्यांसकट, १७,१२० मि.मी., म्हणजे १:८७ मध्ये साधारण १९७ मि.मी. मॉडेल थोडं जास्त भरतं. मला ते चालतं.

आता या धाग्यात मला जे मुख्य सांगायचंय ते. रंगाला हात लावण्याआधी एक इंजिन निवडा. क्लास नव्हे, एकच इंजिन, आणि त्याचा एका दिवशी काढलेला फोटो. आपल्याकडे डिझेल शेडनिहाय, म्हणजे इंजिनांची देखभाल होते त्या ठिकाणानुसार, रंग वेगळे होते. त्याच शेडची दोन इंजिनं शेजारी उभी केली तरी पट्ट्याची रुंदी, हॉर्नची जागा, खिडकीची जाळी, नंबराची ढब यांत फरक दिसायचा. ‘डब्ल्यूडीएम-२ चा रंग’ म्हणून सरासरी काढायला गेलात की कुठल्याच स्टेशनावर कधीच उभं नव्हतं असं इंजिन तयार होतं. माझ्याकडे चिपळूणला काढलेला फोटो आहे : निळं अंग, मध्ये क्रीम पट्टा, छत काजळीने काळं, केबिनच्या दाराखाली पाय घासून रंग गेलेला. मला तेच इंजिन हवंय, त्या दारासकट. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. त्यामुळे असे फोटो आता नव्याने निघणार नाहीत, जे आहेत ते जपून वापरायला हवेत.

कामाची सुरुवात अशी. बॉडी आणि चॅसी वेगळी करा. काचा, बल्ब, कपलर, वजनाचे तुकडे सगळं काढा, प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, स्क्रू लहान डब्यांत ठेवून डब्यांवर लिहा. मग फक्त प्लास्टिकची बॉडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. काही तासांनी रंग सुरकुततो, मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा. हट्टी रंगाला पुन्हा बुडवा. खिडक्या उघड्या ठेवा, हातात ग्लोव्ह्ज, जवळपास गॅस किंवा उदबत्तीसुद्धा नको. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर आणि नेलपेंट रिमूव्हर मात्र अजिबात वापरू नका, दोन्ही प्लास्टिक विरघळवतात.

पुढचं टप्प्याटप्प्याने लिहितो. प्रश्न विचारत राहा.

---

निशिगंधा_क

वाचतेय. तो चिपळूणचा फोटो टाका ना.

---

प्रथमेश_ठाणे

दादा, माझ्याकडे एअरब्रश नाही. गाडीच्या टचअपचा स्प्रे कॅन वापरला तर चालेल का? की ब्रशनेच मारू?

---

रूळवाट

@प्रथमेश, ब्रशने अख्खी बॉडी नको. एचओमध्ये ०.१ मि.मी. जाडीचा रंग म्हणजे खऱ्या इंजिनावर जवळजवळ ९ मि.मी.चा लेप. दारांच्या बिजागऱ्या, रिव्हेट, लूव्हर (हवेसाठीच्या तिरक्या पट्ट्या) सगळं त्याखाली जातं. ब्रश ठेवायचा हँडरेल, बफरचं टोक, हॉर्न यांच्यासाठी.

स्प्रे कॅन चालतो, पण काही गाडीच्या रंगांतलं सॉल्व्हंट प्लास्टिकला खातं. आधी बॉडीच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, थोडा मारून एक दिवस ठेवून बघ. कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला की फवारा बारीक होतो. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतकंच, गॅसवर अजिबात नाही. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, बॉडीवरून नेऊन पलीकडे बाहेर थांबवायचा. बॉडीवर बटण दाबलंस किंवा सोडलंस की तिथेच थेंब साचतो. एक जाड थर देण्यापेक्षा चार पातळ द्यायचे.

पुढेमागे एअरब्रश घेणार असशील तर ०.३ मि.मी.च्या नोझलचा घे, एचओला तो पुरतो. मी हवेच्या १५ ते २० पीएसआय दाबावर, साधारण चार बोटं अंतरावरून मारतो.

---

घोरपडीकर

रूळवाट, फोटो पाहिला. मी डिझेल शेडमधून निवृत्त झालोय, म्हणून थोडं लिहितो.

तुमचं निळं बरोबर वाटतंय, पण मळ कुठे बसतो ते नीट बघा. मॉडेल करणारे सगळीकडे सारखा मळ उडवतात आणि इंजिन मातीत लोळल्यासारखं दिसतं. अ‍ॅल्कोचा नॉच उघडला, म्हणजे ताकद वाढवली, की इंजिनात हवा ढकलणारा टर्बो वेग घेईपर्यंत काळा धूर निघतोच. ती काजळी धुराड्याभोवती आणि त्याच्या मागच्या छतावर बसते. बाजूला तेवढी नाही, कारण शेडमध्ये बाजू आणि केबिन धुतली जातात, छतावर कोण चढतंय रोज! म्हणजे छत मळकट काळं आणि बाजू बऱ्यापैकी स्वच्छ, अशी ती जोडी असते.

बाजूला काय दिसतं? हुडच्या दारांच्या खालच्या कडेला तेलाचे ओघळ. डिझेल टाकीच्या तोंडाखाली गडद, ओलसर, चमकणारा डाग, तो मॅट करू नका. बोगीवर ब्रेक ब्लॉकची लोखंडाची धूळ, ती गंजासारखी तपकिरी. कोकणात असलं तर त्यावर जांभ्याची लाल धूळ. आणि जिथे माणसाचा हात-पाय लागतो तिथे उलट असतं, मळ नाहीच : पायऱ्यांच्या कडा, दाराशेजारचा दांडा, केबिनचा उंबरा. तिथे रंग जाऊन लोखंड चकाकतं. असिस्टंट ड्रायव्हर रोज तिथेच हात घालून चढतो.

---

रूळवाट

काका, हे सोनं आहे. मी छत आणि बाजू एकाच वॉशने (अगदी पातळ रंगाच्या हाताने) करणार होतो, आता नाही. छताला काळी-करडी पावडर आणि वर मॅट, टाकीच्या डागाला शेवटी ग्लॉस वार्निशचा एक थेंब. हात लागतो तिथल्या कडांना मऊ पेन्सिलीचं ग्रॅफाइट बोटाने चोळलं की लोखंडाची चकाकी येते, चंदेरी रंगापेक्षा ती खरी दिसते.

रंगांचा क्रम सांगतो. करडा प्रायमर, मग क्रीम, मग निळा. आधी फिका, नंतर गडद, कारण निळ्यावर क्रीम चढवायला चार थर लागतात आणि कडा जाड होते. क्रीम पूर्ण वाळला, वास गेला, की पट्ट्यावर मास्किंग टेप लावायची. आता महत्त्वाची गोष्ट : टेपच्या कडेवर पुन्हा क्रीमचाच एक पातळ हात मारायचा. टेपखाली कुठे फट असेल तर तिथे क्रीमच शिरतो आणि फट बुजते. त्यावर निळा मारला की रेघ ब्लेडने कापल्यासारखी येते. हे विशेषतः लूव्हर आणि दारांच्या फटींवरून पट्टा जातो तिथे लागतं. टेप काढताना ती वर न ओढता स्वतःवरच उलटी दुमडत, हळूहळू, आणि निळा अगदी कडक व्हायच्या आत.

हँडरेलबद्दल : या मॉडेल्सचे हँडरेल बहुतेक वेळा लवचीक अ‍ॅसिटल प्लास्टिकचे असतात. त्यावर रंग धरत नाही, जरा वाकलं की पोपडे निघतात. मी ते काढून ०.३३ मि.मी.ची पितळी तार वाकवून लावतोय. तेवढी तार खऱ्यात सुमारे २९ मि.मी.चा पाइप होते, म्हणजे डोळ्याला पटते.

---

मीटरगेज

काम सुरेख चाललंय, पण मूळ मुद्द्याला कोणीच हात घातला नाही. आपल्या ब्रॉडगेजचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मि.मी. १:८७ मध्ये तो १९.३ मि.मी. होतो. तुमचं इंजिन १६.५ मि.मी.वर उभं आहे, म्हणजे अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजवर. समोरून बघा, अंग रुंद आणि पाय जवळजवळ. निळा कितीही अचूक मारलात तरी हे दिसणारच. गेजच बदलायला हवा.

---

रूळवाट

@मीटरगेज, गणित बरोबर आहे. १६.५ वर ब्रॉडगेज खरा करायचा तर स्केल जवळजवळ १:१०२ हवं. पण १९.३ केलं की रूळ, सांधे, टर्नआउट (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारे फाटे) सगळं हाताने घालावं लागेल, आणि आमच्या ग्रुपच्या टेबलावर हे इंजिन कधीच धावणार नाही. मला ते धावायला हवंय. म्हणून गेज तसाच, आणि समोरून नजर दुसरीकडे जाईल असं करतो : बफर बीम पूर्ण रुंदीचा, त्यावर दोन बफर, खाली कॅटल गार्ड (रुळावरची गुरं बाजूला सारणारी जाळी). अमेरिकन इंजिनाला साइड बफर नसतातच, त्यामुळे ते लावले की पहिल्याच नजरेत इंजिन आपलं होतं. रंग लावायच्याही आधी.

---

मीटरगेज

मतभेद कायम आहेत, पण बफर बीमचं पटलं. माझं म्हणणं इतकंच की नवीन लोकांना हे कोणीतरी सांगावं. मीटरगेजवाल्यांचं तरी बरं, १,००० मि.मी. म्हणजे १:८७ मध्ये ११.५, आणि एचओएमचा, म्हणजे एचओमधल्या मीटरगेजचा, १२ मि.मी.चा रूळ आयता मिळतो. माथेरानची दोन फुटी करायची तर ७ मि.मी. येतात. तिथे लोक एन स्केलचा ९ मि.मी. रूळ वापरतात, तोही जरा रुंदच पडतो.

---

सायली_एन

मी जर्मनीत असते, घर लहान म्हणून एन स्केल, १:१६०. तिथे हेच सगळं जास्त नाजूक. ०.१ मि.मी.चा रंग म्हणजे खऱ्यात १६ मि.मी.! म्हणून मी प्रायमर जवळजवळ दिसणार नाही इतका पातळ मारते, आणि निळ्यात थोडा पांढरा मिसळते. लहान मॉडेलवर तोच रंग जास्त गडद दिसतो. रूळवाट, तुम्ही रंग कोणत्या उजेडात जुळवताय? मी एकदा खिडकीपाशी जुळवलेला रंग लेआउटच्या पिवळट एलईडीखाली हिरवट दिसायला लागला, तेव्हापासून जिथे इंजिन धावणार तिथल्याच दिव्याखाली नमुना बघते.

दुसरं, देवनागरी नंबराचं काय करताय? तेच मला सगळ्यात अडतं.

---

रूळवाट

@सायलीताई, दिव्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी प्लास्टिकच्या चमच्यांवर तीन निळे मारून टेबलावरच्या दिव्याखाली ठेवलेत, अजून ठरत नाहीये.

---

घोरपडीकर

निळ्यासाठी औद्योगिक पेंटच्या दुकानात आयएस ५ चं शेड कार्ड, म्हणजे रंगछटांचं कार्ड, मागा. भारतीय मानकाप्रमाणे प्रत्येक रंगाला नंबर असतो, १०५ म्हणजे ऑक्सफर्ड ब्लू, वगैरे. कार्ड फोटोशी ताडा आणि मग स्केलसाठी थोडा फिका करा. आणि एक लक्षात ठेवा, डिझेल शेडमध्ये मारलेला रंग उन्हापावसात राहतो. रंगवून आलेलं इंजिन आणि दोन पावसाळे बघितलेलं इंजिन यांचा निळा एक नसतो.

---

कुडाळकर

एक अडचण आहे. पावसात लॅकर वार्निश मारलं तर काळ्या भागावर पांढरट साय आली. रंग गेला समजायचं का?

---

सायली_एन

गेला नाही. लॅकरमधलं सॉल्व्हंट भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते, ती वार्निशमध्ये अडकते. दमट हवेत हे होतंच. कोरड्या दिवशी त्यावर रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) मिसळलेलं लॅकर थिनर, अगदी धुक्यासारखं पातळ, एकदा फवारा. वरचा थर थोडा मऊ होऊन ओल निघून जाते आणि साय विरते. आधी आतल्या बाजूला करून बघा. पुढच्या वेळी कंप्रेसरला हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लावा, आणि जमलं तर शेवटचं वार्निश पाऊस संपेपर्यंत थांबवा.

---

रूळवाट

आता देवनागरी. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिनावरचा नंबर, शेडचं नाव हे सगळं पेंटरने हाताने लिहिलेलं असतं. संगणकातला देवनागरी फाँट तिथे बसवला की लगेच परकं वाटतं, कारण पेंटरचा ‘८’ वेगळा, त्याच्या ‘ल्या’ मधला काना खाली जरा जास्त उतरलेला, शिरोरेघ डावीकडे जाड आणि उजवीकडे निमुळती. म्हणून मी फाँट वापरला नाही. फोटो संगणकावर मोठा करून अक्षरं एकेक गिरवली. अक्षराची उंची काढायला चाकाचा आधार घेतला. नवं चाक १,०९२ मि.मी., फोटोत त्याच्या तुलनेत अक्षर किती ते मोजायचं. चाक झिजत जातं म्हणून इंजिनाच्या लांबीवरूनही एकदा पडताळून घ्यायचं. माझ्या फोटोत अक्षर सुमारे १५० मि.मी. निघालं, म्हणजे मॉडेलवर १.७ मि.मी.

१.७ मि.मी. म्हणजे ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या, प्रिंटरवर ४० ठिपके. त्यात शिरोरेघेला चार-पाच ठिपके मिळतात. रोमन अक्षर तेवढ्यात सहज वाचता येतं. देवनागरीत मात्र वर वेलांटी, खाली उकार, आत गाठी, सगळं त्या ४० ठिपक्यांत बसवायचं. शिरोरेघ खऱ्या प्रमाणात ठेवली तर गाठी बुजतात. म्हणून मी ती एका ठिपक्याने बारीक केली आणि गाठींच्या आतली मोकळी जागा थोडी वाढवली. प्रमाण किंचित मोडलं, पण दोन फुटांवरून ‘कल्याण’ हे ‘कल्याण’च वाचलं जातं. एन स्केलमध्ये हेच अक्षर ०.९४ मि.मी. होतं, २२ ठिपके. सायलीताई, तुम्हाला १२०० डीपीआयशिवाय इलाज नाही.

प्रिंटिंगचा प्रश्न पांढऱ्याचा. साधा प्रिंटर पांढरा छापत नाही, पांढऱ्या टोनरचा लेझर हवा, आणि तो प्रत्येक शहरात असेलच असं नाही. पण आपला फोटो नीट बघा : माझ्या इंजिनाचा नंबर क्रीम पट्ट्यावर गडद रंगात आहे. म्हणजे पारदर्शक डीकल कागद (छापून, पाण्यात भिजवून बॉडीवर चिकटवायचा पातळ पापुद्रा) आणि साधा काळा लेझर पुरतो. निळ्यावर जी दोन-तीन क्रीम अक्षरं आहेत, तेवढीच पांढऱ्या टोनरवाल्याकडून छापून घेतोय. इंकजेट वापरणाऱ्यांनी छापल्यावर आधी क्लिअर लॅकरचा थर द्या, नाहीतर पाण्यात घातल्याबरोबर शाई पसरेल. लेझरला ती गरज नाही.

डीकल लावायच्या आधी बॉडीला ग्लॉस कोट हवाच. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, डीकलखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. ग्लॉसवर लावून, डीकल मऊ करणाऱ्या सेटिंग सोल्युशनने दारांच्या फटींत बसवून, वाळल्यावर सगळ्यावर सॅटिन किंवा मॅट. मग काकांनी सांगितलेला मळ.

---

प्रथमेश_ठाणे

दादा, हे सगळं खरं इंजिन न बघता कसं कळणार? डिझेल आता फारसं दिसतच नाही.

---

निशिगंधा_क

प्रथमेश, पुण्यात असशील तेव्हा कर्वे रोडजवळचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून ये. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे, एचओच आहे. खरं इंजिन कळणार नाही, पण मॉडेल धावताना रंग कसा दिसतो ते तिथे कळतं. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो, मुलं सिग्नल बघत बसली आणि मी डब्यांवरची अक्षरं.

---

घोरपडीकर

प्रथमेश, आणि खरं डिझेल बघायचं तर यार्डात शंटिंगला अजून दिसतात. प्लॅटफॉर्मवरून बघ, रुळांत उतरू नकोस. रूळवाट, एक राहिलं. केबिनवरचा फ्लॅशर लाइट विसरू नका. गाडी तुटली किंवा ब्रेक अचानक लागले की समोरून येणाऱ्या गाडीला सावध करायला तो पिवळा दिवा लुकलुकतो. अमेरिकन मॉडेलवर तो आपल्या जागी नसणार.

---

रूळवाट

काका, फ्लॅशर घालतोय. ०६०३ आकाराचा अंबर एलईडी, १ किलोओहमचा रेझिस्टर, आणि डीसीसी (डिजिटल नियंत्रण) डीकोडरच्या एका फंक्शनवर लुकलुकणं. साध्या १२ व्होल्ट डीसीवर धावणाऱ्यांना त्यासाठी वेगळी छोटी सर्किट लागेल. तार छताच्या आतून नेतोय, म्हणून छताचा रंग त्यानंतर.

@प्रथमेश, जोडताना एवढं बघ : चाकांच्या धावेवर आणि वीज उचलणाऱ्या पट्ट्यांवर रंग किंवा वार्निश गेलेलं नको. गेलं असेल तर अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसून काढ. रंग उत्तम आणि इंजिन मात्र धक्के खात चालतंय, ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

गिरवलेल्या अक्षरांची फाइल उद्या इथे टाकतो. त्यात फक्त या एका इंजिनाचे आकडे आहेत. ज्यांच्याकडे दुसऱ्या इंजिनांचे स्वच्छ, बाजूने काढलेले फोटो आहेत त्यांनी ते टाकावेत, उरलेले आकडे आपण त्यांवरून गिरवू.